समुद्राकडे पाठ करून

कोर्नील्याहून मानारोलाला रेल्वेने जायला तीन-चार मिनिटं लागतात आणि त्यातलाही बराचसा वेळ बोगद्यात जातो. लेकीला आणि मला याच अंतराला सकाळपासून संध्याकाळ झाली, कारण आम्ही डोंगरावरून गेलो. समुद्रालगतची सोपी पायवाट दरडी कोसळल्यापासून कित्येक वर्षं बंद होती. मग चालत जायचं तर कोर्नील्यातून सरळ वर चढायचं, वोलास्त्रा नावाचं डोंगरातलं गाव गाठायचं आणि तिथून पायऱ्यापायऱ्यांनी मानारोलात उतरायचं. सराईत माणूस हे तीन तासांत उरकतो. आम्हाला उरकायचं नव्हतं.

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. नाव ठाऊक नसलं तरी फोटो प्रत्येकाने पाहिलेला असतो. कड्याच्या टोकावर गुलाबी, पिवळी, विटकरी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, खाली निळा समुद्र. इटलीला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोनमध्ये तो सापडेल. तो फोटो पुन्हा एकदा काढून बघा. घरांच्या मागे डोंगर आहे आणि त्याच्यावर खालपासून वरपर्यंत आडव्या रेघा आहेत. मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरांआधी मला त्या रेघाच दिसल्या. माझं माहेर रत्नागिरीकडचं. उतारावर आडवी रेघ दिसली की तिथे कुणीतरी दगडावर दगड ठेवलाय, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

लेक मिलानला शिकते. आता तिकडे मराठी मुलं इतकी आहेत की गणपतीत मोदकांच्या साच्यासाठी ग्रुपवर मारामारी होते. ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले होते. तिला व्हेनिस दाखवायचं होतं, मला हा डोंगर बघायचा होता. पुण्यात बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर पावसाळ्यात आमचा बायकांचा गट सह्याद्रीत भटकतो, त्यामुळे गुडघ्यांबद्दल मला थोडा माज आहे. "आई, तिकडचे चढ वेगळे असतात," असं ती म्हणाली, तेव्हाच ठरलं.

कोर्नील्याचं स्टेशन खाली समुद्राला टेकलेलं आहे आणि गाव शंभरेक मीटर वर. पाच गावांतलं समुद्राला थेट न भिडलेलं असं हे एकच. स्टेशनापासून गावात जायला विटांच्या पायऱ्यांचा नागमोडी जिना आहे, लार्दारिना. 382 पायऱ्या, 33 टप्पे. गावापर्यंत छोटी बसही जाते आणि तिच्या रांगेत आमच्यापेक्षा तिशी-चाळिशीने लहान पोरं उभी होती. आम्ही जिन्याने गेलो. वर पोचल्यावर लेकीने मला हातात पाण्याची बाटली दिली आणि काही बोलली नाही. शहाणी आहे.

गावात फार रेंगाळलो नाही. एका बेकरीतून फोकाच्या, म्हणजे तिकडचा चपटा पाव घेतला, तेलात न्हालेला, वर जाड मीठ. चढाच्या तोंडाशी सान पिएत्रोचं चर्च लागतं. 1334 सालचं आहे. दर्शनी भिंतीवर पांढऱ्या संगमरवराची गोल, फुलासारखी खिडकी. बाकी अंग ओबडधोबड दगडाचं, आणि मला ते अंगच जास्त आवडलं.

इथून पायवाट जी वर निघते ती मागे बघू देत नाही. झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत. इटलीतल्या डोंगरवाटांची ही सर्वसाधारण खूण. 1863 मध्ये तोरिनोत स्थापन झालेला त्यांचा अल्पाइन क्लब देशभर हे पट्टे आणि वाटांचे नंबर सांभाळतो. आपल्याकडे राजमाचीला जाताना कुणीतरी चुन्याने मारलेल्या बाणावर भरवसा ठेवून चालणाऱ्या मला तो नेटकेपणा बघून हेवा वाटला. इथले नियमही कडक. स्लिपर किंवा चपला घालून डोंगरावर गेलात तर दंड, 2019 मध्ये जाहीर झाला तेव्हा 50 ते 2,500 युरो. सुटका करायला जाणाऱ्या लोकांचा जीव मेटाकुटीला आला होता म्हणे. हरिहरच्या पायऱ्यांवर जत्रेसारखी रांग आणि पायात फ्लिप-फ्लॉप पाहिलेल्यांना हा नियम फार जुलमी वाटणार नाही.

चढ सावलीतला आहे. सदाहरित ओक, पाइन, मध्येच चेस्टनट. आणि कोर्बेत्सोलो. हे झाड मी पहिल्यांदा पाहिलं. पुरुषभर उंचीचं, चिवट पानांचं. एकाच फांदीवर पांढऱ्या घंट्यांसारखी फुलं आणि लाल, खरखरीत, लिमलेटच्या गोळीएवढी फळं. गेल्या वर्षीच्या फुलांची फळं पिकायला वर्ष लागतं आणि तोवर नवी फुलं येतात, म्हणून दोन्ही बरोबर. हिरवं, पांढरं, लाल: इटलीचा झेंडा झाडावरच, म्हणून त्यांना त्याचं भारी कौतुक. एक फळ तोंडात टाकलं. आत पिवळा रवाळ गर, गोडसर, पण कशाचीच ठाम चव नाही. दुसरं खाल्लं नाही.

डोळे सावलीला सरावले तसं काहीतरी खटकायला लागलं. जंगलात इतकं सपाट का? चढायचं, मग दोन हात रुंद सपाटी, मग पुन्हा चढायचं. एका पाइनच्या मुळाशी शेवाळलेले दगड होते, नीट थरांनी बसवलेले. मूळ त्यांच्यामधून घुसलं होतं आणि वरचे चार-पाच दगड पुढे ढकलले गेले होते. त्याच्या वर दुसरी भिंत. तिच्या वर तिसरी. झाडी हा नंतर चढलेला थर होता. आपण अर्धा तास शेतातून चालतोय हे तेव्हा कळलं, फक्त शेतकरी उठून गेलेला होता.

उठून जाण्याची कारणं तिथल्या कुणालाही विचारा, पाठ आहेत. ला स्पेत्सिया या जवळच्या बंदराच्या शहरात 1869 मध्ये नौदलाची मोठी गोदी सुरू झाली. 1874 पर्यंत जेनोवाहून ला स्पेत्सियाला रेल्वे आली, या पाचही गावांच्या दारातून. तोवर बाहेरच्या जगाशी नातं होडीचं आणि खेचराच्या वाटेचं. आता बाप्याला रोज गाडीने कामावर जाऊन महिन्याला पगार आणता येऊ लागला. मग 1920 च्या सुमारास फिलोक्सेरा आला, द्राक्षवेलीची मुळं खाणारी बारीक कीड, आणि वेलींचे मळेच्या मळे बसले. पुन्हा लावायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, पाठीवरून. ज्यांना पगार होता त्यांनी लावलं नाही. त्यानंतर आले पर्यटक. खोली भाड्याने देणं आणि उतारावर द्राक्षं काढणं यांतलं काय परवडतं याचा हिशेब करायला बँकेत नोकरी करावी लागत नाही.

मी कुणाला नावं ठेवत नाही. आमच्या वाडीतलेही सगळे गिरणीत गेले.

चढ संपतो तिथे झाडीही संपते, एकदम. उन्हात आलो आणि समोर चालू असलेली शेती होती. डावीकडे वर चढत गेलेल्या द्राक्षांच्या पट्ट्या, उजवीकडे खाली उतरत गेलेल्या तशाच, आणि सगळ्यात खाली, तीन-साडेतीनशे मीटरवर समुद्र. इथून वोलास्त्रापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, पण वाट म्हणजे काय, तर एका पट्टीच्या भिंतीचा माथा. फूट-दीड फूट रुंद. डाव्या कोपराला द्राक्षाची तार घासते आणि उजव्या पायाच्या बाहेर माणूसभर खोल खालची पट्टी. समोरून किंवा मागून कुणी आलं की एकाने वेलींत अंग चोरून उभं राहायचं. मागून जर्मन म्हाताऱ्यांचा एक गट आला, हातात दोन-दोन काठ्या. प्रत्येक जण "ग्रात्सिए" म्हणत गेला आणि प्रत्येकाची नजर उजवीकडे, समुद्रावर. आम्ही वेलींत उभ्या होतो त्यामुळे आपसूक डोंगराकडे तोंड झालं होतं. समोर हातभर अंतरावर वरच्या पट्टीची भिंत.

तशीच बघत राहिले. चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावादेखील नाही. करडा-पिवळसर वाळूचा दगड, पेटीएवढ्यापासून मुठीएवढा. खाली मोठे, वर जाता जाता लहान. एका थरातला सांधा वरच्या थरातल्या दगडाच्या बरोबर मध्याखाली, म्हणजे चोख सांधमोड. लांब दगड आडवे न ठेवता डोंगरात आत घुसवलेले, दिसतं फक्त त्यांचं तोंड. फटींत कपच्या ठोकलेल्या. आणि सगळी भिंत किंचित मागे रेललेली, डोंगराच्या अंगावर. फटींमधून कसलीशी जाड पानांची वनस्पती फुटलेली आणि एका फटीत पाल, शेपूट तेवढं बाहेर. हा गडगाच होता. आमच्याकडे जांभ्याचा असतो, म्हणून लाल आणि सच्छिद्र. इथे दगड वेगळा, पण हात तेच करत होते.

त्यातून आमच्या घरचा गडगा डोक्यात होताच. परड्यातला, विहिरीच्या वरच्या अंगाचा. यंदाच्या पावसात तो बसला. चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला आणि खाली काँक्रीटच्या भिंतीचं कोटेशन. सगळ्या भावंडांनी अंगठे दाखवले होते. मी अजून काहीच टाकलं नव्हतं.

वाटेतल्या तीन-चार घरांच्या पुढे एक म्हातारा असाच बसलेला गडगा उभा करत होता. सत्तरी सहज ओलांडलेली, निळी वर्क-पँट, गुडघ्याला कातडी तुकडे बांधलेले. सहा-सात फुटांची भिंत कोसळून खालच्या पट्टीत पसरली होती. त्याने वाटेवर पाय ठेवायला फळी टाकून दिली आणि आम्ही थांबलोय बघून काम चालूच ठेवलं. लेकीने विचारलं, बघत बसलं तर चालेल का. त्याने खांदे उडवले.

कोसळलेला सगळा ढीग त्याने आधी निवडून ठेवला होता. मोठे एका बाजूला, मधले दुसऱ्या, आणि कपच्या प्लास्टिकच्या बादल्यांत. पायाचा दगड खडकापर्यंत खणून बसवलेला. ओळंबा नव्हता, दोन काठ्या आणि त्यांच्यात ताणलेली दोरी. एक दगड उचलायचा, हातात फिरवायचा, ठेवायचा. डुगडुगला की काढायचा, हातोडीने एक कोपरा उडवायचा, पुन्हा ठेवायचा. मग वर पाय देऊन उभं राहून बघायचं. बसला की त्याच्या मागे, डोंगर आणि भिंत यांच्यामध्ये, बादलीतल्या कपच्या हाताने लावायच्या. ओतायच्या नाहीत, लावायच्या. माझा समज होता की पुढची भिंत हे खरं काम आणि मागची भर म्हणजे उरलंसुरलं. त्याचा अर्ध्याहून जास्त वेळ मागेच जात होता. मी लेकीकरवी विचारलं, इतकं कशाला. त्याने हातातली कपची खाली ठेवली आणि बोटांनी वरून खाली येणारं पाणी काढून दाखवलं. डोंगरातून पाणी येणार, या कपच्यांत उतरणार, फटींमधून बाहेर पडणार. इथे माती भरली तर पाणी थांबणार, मातीचं वजन वाढणार. मग भिंतीला पोट येणार. त्याने स्वतःचं पोट पुढे काढून दाखवलं आणि पहिल्यांदाच हसला. पोट आलं की दोन पावसाळे, फार तर तीन.

"हे कुणाचं?" लेकीने विचारलं.

मेव्हण्याचं होतं. मेव्हणा ला स्पेत्सियाला राहतो, गुडघे बदललेत. ही पट्टी गेली तर खालची जाणार आणि खालची याची होती.

सगळी गोष्ट एवढ्यात आली. उतारावरच्या शेतीत कुणाची भिंत एकट्याची नसते. वरच्याने दुर्लक्ष केलं की खालच्याच्या अंगणात दगड. ज्याने शेत सोडलं तो सुटतो, पण त्याची भिंत मागे उभी राहते आणि तिच्यामागे पाणी साठतच असतं.

25 ऑक्टोबर 2011 ला हे सगळ्या जगाने पाहिलं. काही तासांत कोसळलेल्या पावसाने मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा ही दोन गावं चिखल-दगडांनी भरली. वेर्नात्साच्या मुख्य गल्लीत राडारोडा दुकानांच्या माथ्यापर्यंत चढला, माणसं गेली. पाऊस अफाट होता, त्यात वाद नाही. पण नंतर भूशास्त्रज्ञांनी वरचे उतार तपासले तेव्हा एक गोष्ट पुढे आली. सांभाळलेल्या शेतापेक्षा सोडलेल्या शेतातून दरडी जास्त सुटल्या होत्या, आणि त्यातही अलीकडे सोडलेल्या शेतातून. जुन्या पडीक जागी निदान जंगलाने मुळं धरलेली असतात. नुकत्याच सोडलेल्या जागी भिंतीला माणूस नाही आणि मातीला झाड नाही, अशी मधली अवस्था. सकाळी ज्या जंगलातून आम्ही आलो, त्याला म्हणजे निदान सावरायला वेळ मिळाला होता.

लोकांना हे कळत नाही असं नाही. 1997 मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशात घेतलं तेच मुळी माणसाने घडवलेला भूभाग म्हणून. 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर आपल्याला वाघ आठवतो. इथे जपायची गोष्ट शेताची भिंत आहे, आणि ती पाडणारा प्राणी म्हणजे रानडुक्कर, मुळं उकरायला दगड उलटेपालटे करतं. 2018 मध्ये इटलीसह आठ युरोपीय देशांची ही सिमेंटविना दगड रचण्याची विद्याही युनेस्कोच्या यादीत गेली. मानारोलाच्या वरच्या उतारावर युरोपीय संघाच्या पैशातून भिंती पुन्हा उभ्या करण्याचा आणि ते काम नव्या लोकांना शिकवण्याचा प्रकल्प 2019 पासून चालला. हे सगळं चांगलंच आहे. मला एवढंच वाटतं की लाखोंनी येणारा पर्यटक ज्या दृश्यासाठी पैसे मोजतो ते दृश्य त्या म्हाताऱ्यासारख्यांच्या मणक्यावर उभं आहे, आणि या पाच गावांच्या तिन्ही ग्रामपालिका मिळून राहणारी माणसं चार हजारदेखील भरत नाहीत. त्यात दगड उचलू शकणारी किती असतील?

म्हाताऱ्याचा निरोप घेताना मी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढून दिल्या. त्याने एक खाल्ली, लेकीला काहीतरी म्हणाला. ती हसली. "विचारतायत, यात मिरी आहे का." मिरची आहे म्हटल्यावर उरलेल्या त्याने रुमालात बांधून ठेवल्या. कौतुकाने की भीतीने, कळलं नाही.

पुढे वाटेच्या कडेने एक लोखंडी रूळ दिसू लागला. एकच, दातेरी, गुडघाभर उंचीवर खांबांवर टेकवलेला, आणि असा उभा चढलेला की त्यावरून काही जात असेल यावर विश्वास बसेना. मग खालून धडधड आली. पेट्रोलचं एक इंजिन, त्यावर तोल सांभाळत बसलेला तरुण, मागे जाळीची ट्रॉली आणि ट्रॉलीत खताची पोती. चालण्याच्या वेगाने तो आमच्यासमोरून उभा वर गेला. द्राक्षाच्या तोडणीत याच ट्रॉलीतून क्रेट जातात. त्याच्या आधी सगळं डोक्यावरून, पाठीवरून, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा. इथे ट्रॅक्टर येऊ शकत नाही, बैलदेखील नाही. पट्टीवर एकदा मी वाकून वेलीखाली बघितलं. जुन्या पद्धतीचा मांडव कमरेएवढाच असतो, वारा खारा असतो म्हणून. म्हणजे तोडणी गुडघ्यांवर बसून नाहीतर रांगत. नाशिकची द्राक्षं डोक्यावरच्या मांडवात लटकतात, हात वर केला की घड. इथे जमिनीशी नमस्कार घालायचा.

वोलास्त्रात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गाव लहान, गोलसर, शांत. खाली रेटारेटी चालू असताना इथे एक बाई खिडकीतून खालच्या बाईशी कढईबद्दल बोलत होती, निदान लेकीने तसं सांगितलं. बाराव्या शतकाच्या सुमाराचं एक साधं दगडी चर्च आहे, आरोग्यदायिनी मातेचं. पुढे बाक आणि नळ. नळाचं पाणी गार होतं. फोकाच्या आणि उरलेल्या पुऱ्या तिथेच संपवल्या.

शाक्केत्रा प्यायलो तेही इथेच, एका छोट्या दुकानात. ही या डोंगराची गोड वाईन. बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या जातींचे निवडक घड सप्टेंबरात तोडतात आणि दोनेक महिने सावलीत, हवेशीर जागी, फळ्यांवर सुकवतात. अर्धे मनुके झाले की नोव्हेंबरात एकेक मणी हाताने देठावरून काढायचा आणि मग रस. शंभर किलो द्राक्षांतून जेमतेम तीसेक लिटर हाती लागते. दुकानदारीणबाईने मागच्या खोलीचं दार उघडून फळ्या दाखवल्या. एकावर एक, जाळी ठोकलेल्या, त्यावर सुरकुतलेली तपकिरी द्राक्षं. वास मनुक्याचा नव्हता, काकवीच्या जवळचा होता. एक बाई स्टुलावर बसून सडलेले मणी कात्रीने काढत होती. रेडिओ लावलेला. तिला काहीही घाई नव्हती आणि हात क्षणभर थांबत नव्हता. वाईन अंगठ्याएवढ्या ग्लासात येते, कोरड्या बिस्किटाबरोबर. मध, जर्दाळू, आणि शेवटी जिभेवर मिठाची एक बारीक रेघ. छोट्या बाटलीची किंमत ऐकून लेकीने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी मागे फिरले असते. पण तासाभरापूर्वी कपच्या लावताना पाहिल्या होत्या. घेतली. घासाघीस केली नाही, जी मी ज्वेलरकडेही करते.

वोलास्त्राहून मानारोलाला बस जाते. थांब्यावर मघाचे जर्मन म्हातारे ओळीने बसले होते. लेक बसकडे बघत होती. मी काठी उचलली.

उतार ऑलिव्हच्या झाडांमधून आहे आणि नुसत्या पायऱ्या. असमान, दगडी, कधी वीतभर उंच तर कधी दोन वीत. गुडघ्याची परीक्षा चढावर होते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे यावं. लेकीच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि मी सांगितलं, तिरकी उतर, नागमोडी, पाय आडवा टाक. नाणेघाटात शिकलेली विद्या कामी आली. झाडांखाली नारिंगी जाळ्या गुंडाळून, दोरीने फांद्यांना बांधून ठेवल्या होत्या. ऑलिव्ह काढायचे दिवस जवळ आले की त्या उलगडून उतारभर पसरतात, आणि फळ जिथे पडेल तिथून घरंगळत एका ठिकाणी येतं. डावीकडे दरीपलीकडे ग्रोप्पोची वस्ती दिसत होती. 1973 पासूनची शेतकऱ्यांची सहकारी संस्था तिथेच आहे. सगळ्यांची द्राक्षं एकत्र आणून वाईन करते. छोट्या-छोट्या पट्ट्यांच्या या मुलखात एकेकट्याला ते जमण्यासारखं नाही. सहकार म्हटल्यावर मी कान टवकारले, पण साखर कारखान्याच्या गोष्टी सांगायला लेकीने मनाई केली.

शेवटच्या वळणावर मानारोला खाली उघडं पडतं. पाठीमागच्या टेकडीवर, तीन क्रुसांच्या खाली, उतारभर माणसांचे पुतळे उभारण्यासाठीचे खांब दिसले. मारिओ आंद्रेओली नावाच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या इथल्याच माणसाने आपल्या वडिलोपार्जित द्राक्षांच्या उतारावर कित्येक दशकं खपून टाकाऊ वस्तूंमधून पुतळे केले आणि डिसेंबरात त्यांना दिव्यांनी उजळवून येशूजन्माचा देखावा मांडला. नाताळात अख्खी टेकडी पेटते. दिवसा मात्र बघायचं ते त्याच्या पायथ्याला: तिथेही तेच, दगडावर दगड.

सान लोरेन्झोच्या चर्चपाशी, म्हणजे गावाच्या वरच्या टोकाला आपण गावात शिरतो. चर्च 1338 चं, आणि घंटेचा मनोरा चर्चपासून वेगळा, चौकात समोर उभा. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवायला तोच बुरूज. इथपर्यंत शुकशुकाट. मग मुख्य गल्लीला लागलो आणि माणसांच्या पुरात सापडलो. सूर्य टेकायला आला होता आणि सगळं जग धक्क्याकडे निघालं होतं. पलीकडच्या नाकाडावर, जिथून तो प्रसिद्ध फोटो निघतो, तिथे कठड्याला खेटून तीन-तीन रांगा. फोन वर धरलेले. सूर्यास्त सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मजा वाटली ती अशी, की फोटो काढणाऱ्यांची तोंडं गावाकडे होती, त्यांच्या पडद्यावर आम्ही दिवसभर चाललेला डोंगर येत होता आणि रंगीत घरं नीट भरावीत म्हणून जो तो त्याला वरून कापत होता. लेकीला म्हटलं, बघ, तुझ्या म्हाताऱ्या सिन्योरेची भिंत गेली फ्रेमबाहेर. "आई, त्यांना कशाला त्रास," ती म्हणाली आणि आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. तिकडे दहा वाजून गेलेले, पण चुलतभाऊ क्रिकेटपायी जागा असणार म्हणून फोन लावला. गडग्याचं काय ठरलं विचारलं.

"ठरलंच की. सोमवारी जेसीबी येतोय. तू अंगठा दाखवला नाहीस."

मी म्हटलं, पुन्हा दगडाचाच घालूया का? दगड तर तिथेच पडलेत सगळे.

"आणि घालणार कोण? शेवटचा जो होता तो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा पनवेलला उबर चालवतो. तू आण माणूस, मी उद्या जेसीबी रद्द करतो."

माणूस माझ्याकडे नव्हता. होता त्याला मेव्हण्याची भिंत पुरी करायची होती.

"बरं, मग काँक्रीटच्या भिंतीत पाणी जायला पाइप सोडायला सांगितलेस का? मीटर-दीड मीटरवर एक. आणि मागे माती नको ढकलू देऊस, मागे खडी भरायची. वरपर्यंत."

"ते कोटेशनात नाही. खडीचे जादा लागतील."

"माझ्या वाट्याला लाव."

"आणि पाइपाचे?"

"तेही."